मॅकडोनाल्ड वेधशाळेची स्टार पार्टी : तिकिटाआधी तिथी बघा

टेक्सासच्या पश्चिम भागात, डेव्हिस पर्वतात, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाची मॅकडोनाल्ड वेधशाळा आहे. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार अशा आठवड्यातल्या तीन रात्री तिथे सर्वांसाठी आकाशदर्शन असतं. त्याला तिथे ‘स्टार पार्टी’ म्हणतात. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या मराठी घरांत लाँग वीकेंड जवळ आला की तिचा विषय निघतो आणि प्रश्न ठरलेले असतात : इतकी गाडी हाकून जाण्यासारखं आहे का, लहान मुलांना न्यावं का, दुर्बिणीतून खरंच काही दिसतं का?

निकाल आधीच सांगून टाकावा. जाण्यासारखं नक्की आहे, पण तारीख चुकली तर निम्मी मजा गेली. आणि तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट दुर्बीण नाही, अंधार आहे. हे ज्याला आधी कळलं तो खूश होऊन परततो. ‘फोटोत दिसतो तसा रंगीत तेजोमेघ दिसेल’ या आशेने जाणारा हिरमुसतो.

अंधार इतका चांगला का, तर तो जपलेला आहे. वेधशाळा ज्या लॉक शिखरावर आहे ते ६,७९१ फूट उंच आहे, हवा कोरडी आहे आणि जवळचं फोर्ट डेव्हिस हे गाव अगदी लहान आहे. त्यावर टेक्सासच्या कायद्याने वेधशाळेपासून ५७ मैलांच्या आतल्या परगण्यांना बाहेरच्या दिव्यांचे नियम लागू केले आहेत. दिवा झाकलेला हवा, उजेड खाली पडायला हवा. २०२२ साली हा सगळा भाग, सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या प्रदेशासह, आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्रफळ १५,००० चौरस मैलांहून जास्त आहे. तरी ईशान्येच्या क्षितिजाकडे बघितलं तर एक फिकट पिवळसर पट्टा दिसतो. तो पर्मियन खोऱ्यातल्या तेलविहिरींचा उजेड आहे. तेल कंपन्यांनी दिवे झाकावेत म्हणून वेधशाळा वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलते आहे आणि ते काम महत्त्वाचं आहे, कारण एकदा गेलेला अंधार परत मिळवणं फार कठीण असतं.

तारीख ठरवताना

इथे मराठी माणसाकडे एक तयार साधन आहे : भिंतीवरचं कालनिर्णय. स्टार पार्टी पौर्णिमेलाही होते, तिकिटं तेव्हाही विकली जातात, आणि बुकिंग करताना बहुतेकांचं चंद्राकडे लक्षच नसतं. आठवडा मोकळा मिळाला, तिकीट दिसलं, घेतलं. मग शुद्ध त्रयोदशीच्या रात्री नऊशे किलोमीटर गाडी चालवून गेलेल्या माणसाला घराच्या अंगणातून दिसतं त्याहून थोडंच जास्त दिसतं. चंद्र पूर्ण भरलेला असताना आकाशगंगा जवळजवळ पुसली जाते आणि देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी शोधावी लागते.

हिशोब सोपा आहे. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. वद्य सप्तमी-अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास येतो, म्हणजे कार्यक्रम संपत आलेला असतो. शुद्ध तृतीयेचा चंद्र सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळतो. म्हणून वद्य सप्तमी ते शुद्ध तृतीया या अकरा-बारा रात्रींतला मंगळवार, शुक्रवार किंवा शनिवार धरावा. पंचांगातली तिथी भारतातली असते, टेक्सासमध्ये एखादा दिवस पुढेमागे होईल. या कामाला तेवढी अचूकता पुरते.

एक अपवाद मात्र आहे. बरोबर सहा ते दहा वर्षांची मुलं असतील आणि दुर्बिणीतून बघण्याची त्यांची पहिलीच वेळ असेल, तर शुद्ध पंचमी ते अष्टमी ही निवड वाईट नाही. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्यामधल्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि मुलांना तिथे काय बघायचं ते समजावून सांगावं लागत नाही. ‘धूसर कापसासारखा ठिपका दिसतोय ना, ती दीर्घिका’ हे वाक्य त्या वयाला फारसं पटत नाही.

ऋतूंचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात निर्धोक. आकाश बहुधा स्वच्छ, थंडी सोसेल इतकी, डोक्यावर देवयानी दीर्घिका आणि ईशान्येला ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ, म्हणजे शेजारी शेजारी दिसणारे दोन तारकागुच्छ. जुलै ते सप्टेंबरचा पहिला भाग हा तिथला पावसाळा. दुपारी ढग जमतात, गडगडतं, कधी रात्री आकाश मोकळं होतं, कधी होत नाही. आकाशगंगेचा गाभा बघायला हेच महिने लागतात, म्हणून पावसाळ्यात जायचंच असेल तर एकाऐवजी दोन रात्री हाताशी ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये वारा आणि धूळ. त्यात स्प्रिंग ब्रेकची गर्दी, ती टाळता आली तर टाळावी. हिवाळ्यात मृग, कृत्तिका, व्याध असा सगळा सरंजाम डोक्यावर असतो आणि कार्यक्रम लवकर सुरू होतो. लहान मुलांच्या दृष्टीने ही सर्वांत सोयीची वेळ, फक्त तापमान शून्याखाली जाऊ शकतं हे धरून चालायचं.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत एक खास गोष्ट आहे : नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ. वेधशाळेच्या अक्षांशावरून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम बारा अंश वर येतो, तरी नुसत्या डोळ्यांना पुसट ताऱ्यासारखा दिसतो. पुण्याहून तो चोवीस अंश वर येतो, म्हणजे तिथे जास्त चांगला दिसायला हवा. पण पुण्याच्या दक्षिणेला आता तेवढा अंधार राहिलेला नाही. अगस्त्य ताऱ्याचं उलटं. टेक्सासमध्ये फेब्रुवारीच्या रात्री तो साडेसहा अंशांवर रेंगाळतो आणि मध्ये डोंगराची कड आली तर दिसतच नाही. महाराष्ट्रात तो आरामात बघता येतो.

तिकीट, वेळ, रस्ता

तिकीट वेधशाळेच्या संकेतस्थळावरून आधी काढावं लागतं. सुट्ट्यांच्या दिवसांतल्या रात्री कित्येक आठवडे आधी भरतात, तेव्हा ‘जाऊन बघू, दारात मिळेल’ या भरवशावर निघू नये. राहायची खोली आणि तिकीट एकाच बैठकीत काढावं. फोर्ट डेव्हिसमध्ये खोल्या थोड्या, आणि एक मिळून दुसरं न मिळाल्याने बेत फसल्याचं नेहमी ऐकू येतं.

सुरू होण्याची वेळ वर्षभर बदलत राहते, कारण ती सूर्यास्तावर बांधलेली आहे. वेधशाळा मध्य प्रमाणवेळेच्या पार पश्चिम कडेला येते. त्यामुळे जूनच्या मध्यात सूर्य मावळायलाच रात्रीचे नऊ वाजतात आणि आकाश पूर्ण काळं व्हायला साडेदहा होतात. म्हणजे उन्हाळ्यात कार्यक्रम संपायला मध्यरात्र उलटते आणि पाच वर्षांचं मूल तोवर खांद्यावर झोपलेलं असतं. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आकाश बघून झोपायची वेळही गाठता येते. एल पासोहून येणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं : तिथे पर्वतीय प्रमाणवेळ आहे, इकडे येताना एक तास जातो. फोन वाटेतल्या टॉवरप्रमाणे कधी मागे कधी पुढे होतो, म्हणून वेळ कागदावर लिहून ठेवा.

पूर्वेकडून येणाऱ्यांनी इंटरस्टेट १० सोडून बॅल्मोरियाहून १७ नंबरच्या रस्त्याने फोर्ट डेव्हिस गाठावं, तिथून ११८ वर साधारण १६ मैल. पश्चिमेकडून आलात तर केंटला उतरून ११८ ने थेट डोंगरात शिरता येतं, पण त्या वाटेवर पेट्रोल मिळेल असं गृहीत धरू नका. व्हॅन हॉर्नलाच टाकी भरा. पूर्वेकडून फोर्ट स्टॉकटनला. ऑस्टिनहून सात तास, डॅलसहून आठ, ह्यूस्टनहून नऊ असा हिशोब ठेवला तर थांबे धरून थोडा जास्तच लागतो. त्याच दिवशी निघून त्याच रात्री आकाश बघणं शरीराला झेपत नाही, आणि पेंगुळलेल्या डोळ्यांना अंधुक वस्तू दिसत नाहीत. एक रात्र आधी पोचा. फोनची रेंज डोंगरात तुटते, म्हणून नकाशा आणि तिकीट दोन्ही आधीच उतरवून घ्यावं.

अभ्यागत केंद्रावर किमान अर्धा तास आधी पोचणं केवळ शिस्तीचा भाग नाही. उशिरा येणाऱ्या गाडीचे हेडलाइट अंधाराला सरावलेल्या शेकडो डोळ्यांवर पडतात. हल्लीच्या गाड्यांत दिवे आपोआप लागतात, दार उघडलं की आतला दिवा लागतो, किल्ली दाबली की चारी बाजूंनी उजेड होतो. गाडी भाड्याची असेल तर हे सगळं कुठून बंद होतं ते दिवसाउजेडी शोधून ठेवा. डिकीतलं सामान, जाकिटं, पाण्याची बाटली गाडी लावल्या लावल्या काढून घ्या. नंतर डिकी उघडली की तिचाही दिवा लागतोच.

डोळे तयार करणं

डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरा फरक पडतो तो पडद्यातल्या दंडपेशींमुळे. त्यांच्यातलं रोडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विरतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, पूर्ण जुळायला त्याहूनही जास्त. एकदा मोबाईलचा पडदा बघितला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेडाचा परिणाम सर्वांत कमी होतो म्हणून लाल विजेरी चालते, तीही मंद आणि जमिनीकडे वळवलेली. साध्या विजेरीवर लाल जिलेटिनचा एकच थर लावून चालत नाही, उजेड गुलाबी होऊन झिरपतो. तीन-चार थर लावा. मुलांचे चालताना चमकणारे बूट हॉटेलवरच ठेवायचे. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ हात उचलला की उजळतं, तेही खिशात.

कपड्यांबाबत एवढंच : टेक्सास म्हणजे उकाडा हे डोक्यातून काढून टाका. जुलैतही अर्धी रात्र उलटली की जाकीट लागतं, कारण कोरड्या हवेत जमीन उष्णता धरून ठेवत नाही. नक्षत्रओळखीसाठी उघड्या रंगमंचावर बराच वेळ बसायचं असतं. बसायला घडी घातलेली चादर नेलीत तर शेवटपर्यंत आकाशाकडे लक्ष राहतं.

नक्षत्रओळख

कार्यक्रमाचा पहिला भाग हा माझ्या मते तिथला सर्वोत्तम भाग आहे. खुल्या रंगमंचावर निवेदक हिरव्या लेझरने आकाशात रेघ ओढून तारा दाखवतो. ती रेघ ताऱ्याला टेकल्यासारखी वाटते आणि तीनशे माणसं एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे बघतात. घरच्या ॲपने हे साधत नाही. ज्यांनी वांगणीला किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या पठारावर रात्रभराचं आकाशदर्शन केलं आहे त्यांना पद्धत ओळखीची वाटेल. फरक आकाशाचा आहे. इथे तारे इतके दिसतात की ओळखीची नक्षत्रं पहिल्यांदा हरवतात. ती शोधायला आधी ठळक तारे पकडायचे.

नावं अर्थातच इंग्रजी आणि ग्रीक-अरबी येतात. बरोबर आजी-आजोबा असतील तर शेजारी हळू आवाजात मराठी जोड देता आली की त्यांचा चेहरा खुलतो, कारण त्यांना हे आकाश नावाने ठाऊक असतं. सिरियस म्हणजे व्याध, अल्डेबरान रोहिणी, प्लायडीज कृत्तिका, कॅपेला ब्रह्महृदय. वसंतात रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्क्टुरस स्वाती. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे वाढवला की आधी स्वाती आणि मग चित्रा येते. उन्हाळ्यात व्हेगा म्हणजे अभिजित, अल्टेर श्रवण, अँटारेस ज्येष्ठा. शरदात कॅसिओपिया ही शर्मिष्ठा, अँड्रोमेडा ही देवयानी, पर्सियस हा ययाती. ध्रुव इथे साधारण एकतीस अंशांवर आहे. मुंबईत तो एकोणीस अंशांवर असतो. क्षितिजापासून हात लांब करून मुठी मोजल्या (एक मूठ साधारण दहा अंश) तर तीन मुठींवर ध्रुव सापडतो आणि आपण मुंबईच्या किती उत्तरेला आलो ते मुलांना हाताने मोजता येतं.

रांग आणि नेत्रिका

नंतर दुर्बिणी असलेल्या आवारात जायचं. काही दुर्बिणी घुमटांत, काही उघड्यावर, आणि प्रत्येकीवर त्या रात्रीपुरती एक वस्तू लावलेली. चाकाच्या खुर्चीत बसून बघता यावं म्हणून नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) कायम एकाच उंचीवर राहील अशी खास बांधलेली दुर्बीणही तिथे आहे. गुडघेदुखीमुळे शिडी चढवत नाही अशा ज्येष्ठांनी तिची चौकशी आवर्जून करावी. अशी सोय फार थोड्या ठिकाणी असते.

गणित मांडून बघा. रांगेत चाळीस माणसं, प्रत्येकी तीस सेकंद, म्हणजे एका दुर्बिणीला वीस मिनिटं. दोन तासांतला नक्षत्रओळखीचा वेळ वजा केला तर चार, फार तर पाच वस्तू बघून होतात. लोक आवारात शिरल्याबरोबर पहिल्या दुर्बिणीपाशी गोळा होतात. तुम्ही टोकाच्या दुर्बिणीकडे जा आणि उलटं या. शनी किंवा गुरू लावलेली रांग सर्वांत लांब असते, ती शेवटच्या अर्ध्या तासात ओसरते. तोवर ग्रह फार खाली गेलेला नसेल एवढं आधी तपासा. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो आणि ग्रह उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलतो.

नेत्रिकेपाशी पोचल्यावर पहिले पाच सेकंद वाया जातात ते डोळा चुकीच्या जागी ठेवल्याने. बहुतेक जण डोळा काचेला टेकवतात, मग दृश्यात घेवड्याच्या दाण्यासारखी काळी सावली फिरत राहते किंवा काहीच दिसत नाही. डोळा दोन सेंटिमीटर मागे ठेवा, उजळ वर्तुळ सापडू द्या, आणि मग सावकाश जवळ न्या. दुसरा डोळा मिटू नका, हाताने झाका. मिटला की बघणाऱ्या डोळ्याचे स्नायूही ताणले जातात. नळीला हात लावायचा नाही. लहान मूल आधारासाठी नेत्रिकाच धरतं आणि दुर्बीण वस्तूवरून सरकते. त्याला शिडीचा दांडा धरायला शिकवून ठेवा. डोळ्यांत काजळ असेल तर आधी पुसून या. नेत्रिकेच्या काचेवर त्याचा थर बसला की मागच्या सगळ्यांना धुकं दिसतं.

चष्म्याचं काय? फक्त लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकस फिरवला की नंबर भरून निघतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवा, तो फोकसने जात नाही. पुसट दिसलं तर ‘असंच असेल’ म्हणून पुढे सरकू नका. आधीच्या माणसाच्या डोळ्याला जुळवलेला फोकस तुमच्या डोळ्याला जुळेलच असं नाही. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगा, तो फोकस जुळवून देतो. नऊ तास गाडी चालवून आलेल्या माणसाला हे पाच सेकंद मागण्याचा पूर्ण हक्क आहे.

आता दिसतं काय ते खरंखरं. तेजोमेघ आणि दीर्घिका राखाडी दिसतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाही, यात दुर्बिणीचा दोष नाही. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गुच्छ (एम म्हणजे मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला क्रमांक) मोठ्या दुर्बिणीतून साखर सांडल्यासारखा सुट्या ताऱ्यांत फुटतो आणि तो कुणालाही आवडतो. स्वरमंडलातलं कंकण, एम ५७, हे धुराचं लहानसं वेटोळं. शामशबलातली एम ५१ ही दीर्घिका अंधुक असते, तिच्यासाठी तिरकी नजर वापरावी लागते : थेट न बघता दृश्याच्या कडेकडे बघायचं, म्हणजे तिची प्रतिमा दंडपेशी दाट असलेल्या भागावर पडते आणि सर्पिल भुजांचा भास जागा होतो. दहा सेकंद तसंच थांबलं तर आणखी तपशील दिसतो. मृगातला तेजोमेघ मात्र पहिल्या क्षणीच जिंकतो; मधल्या चार ताऱ्यांच्या चौकटीभोवती पसरलेले पंख स्पष्ट दिसतात, काहींना त्यात हिरवट झाकही जाणवते. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ हा जोडतारा साधा आहे, पण सोनेरी आणि निळा असे दोन रंग स्वच्छ दिसतात, आणि त्याची रांग लहान असते.

शनीची कडी २०२५ मध्ये पृथ्वीकडे कडेने वळलेली असल्याने जवळजवळ रेघ झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत चालली आहेत आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत जास्त उघडी दिसतील. शनी लावलेला असेल तर शेजारचा ठळक ठिपका कोणता ते विचारा. तो बहुधा टायटन असतो. त्याला वातावरण आहे हे जेरार्ड कायपर यांनी १९४४ साली याच वेधशाळेच्या ८२ इंची (म्हणजे तेवढ्या रुंद आरशाच्या) दुर्बिणीने ओळखलं. ती दुर्बीण आजही वर शिखरावर आहे.

मोठ्या दुर्बिणींच्या खास रात्री

स्टार पार्टीत मोठ्या दुर्बिणीतून बघायला मिळत नाही. हा गैरसमज घेऊन बरेच जण जातात. ३६ इंची, ८२ इंची आणि १०७ इंची दुर्बिणींवर डोळ्यांनी बघण्याच्या वेगळ्या रात्री असतात. त्या मोजक्या, गट लहान, तिकीट बरंच महाग. वयाची अटही बुक करतानाच बघून घ्यावी.

८२ इंची ऑटो स्ट्रुव दुर्बीण १९३९ मध्ये सुरू झाली तेव्हा जगात दुसऱ्या क्रमांकाची होती. टेक्सासमधल्या पॅरिस नावाच्या गावचे बँकर विल्यम जॉन्सन मॅकडोनाल्ड यांनी मृत्युपत्रात विद्यापीठाला वेधशाळेसाठी पैसे ठेवले. पण तेव्हा टेक्सास विद्यापीठाकडे खगोलशास्त्रज्ञच नव्हते, म्हणून शिकागो विद्यापीठाशी करार करून त्यांच्याकडे कारभार दिला गेला. १०७ इंची दुर्बीण १९६८ ची. १९७० मध्ये एका कर्मचाऱ्याने तिच्या आरशावर गोळ्या झाडल्या. आरसा फुटला नाही, भोकं पडली आणि प्रकाश साधारण एका टक्क्याने कमी झाला. ती आजही काम करते.

महाग तिकीट काढण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. अंधारात डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते. ८२ इंच म्हणजे २,०८३ मिलिमीटर. त्याला सातने भागलं तर येतात जवळजवळ तीनशे. त्याहून कमी वर्धन (वस्तू किती पट मोठी दिसते ते) ठेवलं तर दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश डोळ्यात मावत नाही, वाया जातो. म्हणजे या दुर्बिणीचं किमान वर्धनच तीनशे पट. एवढ्या वर्धनात कृत्तिका किंवा देवयानी दीर्घिका दृश्यात बसत नाहीत. तिथे लहान आणि घट्ट वस्तू बघायच्या : गोलाकार गुच्छांचे गाभे, आणि ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे एम ५७ सारखी, मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेली वायूची कवचं. ग्रहीय तेजोमेघांचा पृष्ठभाग इतका उजळ असतो की इथे निळा-हिरवा रंग खरोखर दिसतो. ३६ इंचीचं किमान वर्धन एकशेतीस येतं, तिच्यात जास्त प्रकारच्या वस्तू बसतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना ३६ इंचीची रात्र सुचवेन. ज्यांनी स्वतःच्या आठ-दहा इंची दुर्बिणीतून एम १३ शंभरदा बघितला आहे त्यांनी ८२ इंचीसाठी खर्च करावा. एकच गुच्छ दोन्हींतून बघितल्यावर होणारा फरक त्यांनाच पूर्ण कळेल.

ढग आले तर

ढगाळ रात्री कार्यक्रम सहसा रद्द होत नाही. सभागृहात पर्यायी कार्यक्रम होतो. तो माहितीपूर्ण असतो, पण आकाशाची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य करूनच तिकीट काढावं. वारा जोरात असेल, धूळ उडत असेल किंवा दमटपणा फार वाढला तर आकाश मोकळं असूनही दुर्बिणी बंद ठेवतात. आरशावर दव किंवा धूळ बसली तर लेप खराब होतो, तेव्हा यावर वाद घालू नये. म्हणूनच त्या परिसरात दोन रात्री काढाव्यात. दुसऱ्या रात्रीचं तिकीट नसलं तरी चालेल, आकाश फुकट आहे.

दिवसाचा कार्यक्रमही जोडून घ्या : सूर्यदर्शन आणि शिखरावरच्या दुर्बिणींची सफर. हॉबी-एबर्ली दुर्बिणीचा आरसा ९१ षटकोनी तुकड्यांचा, सुमारे अकरा मीटर रुंद आहे. तो वरखाली हलतच नाही, क्षितिजापासून पंचावन्न अंशांवर कायमचा झुकलेला असतो आणि आख्खा सांगाडा फक्त गोल फिरतो. तारा सरकला की वरचं उपकरण त्याच्या मागे सरकतं. या युक्तीने खर्च कितीतरी वाचला. काचेच्या गॅलरीतून तो आरसा बघता येतो.

जेवणाचं नियोजन आपल्या हातात ठेवावं. फोर्ट डेव्हिसमध्ये हॉटेलं थोडी, ती लवकर बंद होतात, आणि शाकाहारी माणसाला पर्याय कमी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा एवढं गाडीत असलं की प्रश्न मिटतो. खाणं मात्र दुर्बिणींच्या आवारात नेऊ नका. कोरड्या हवेत उंचीवर डोकं दुखतं ते बहुतेकदा पाणी कमी प्यायल्याने.

परतताना ११८ वर वेग कमी ठेवा. हरणं आणि रानडुकरांसारखे हावेलिना वळणावर अचानक आडवे येतात, आणि एकामागून एक निघालेल्या गाड्यांच्या उजेडात डोळे दिपलेले असतात. शक्य असेल तर मुक्काम डेव्हिस माउंटन्स स्टेट पार्कमध्ये घ्या, तंबू किंवा तिथलं इंडियन लॉज. तिकिटाची वेळ संपली तरी उन्हाळ्यात आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला येतो तो त्यानंतरच. खोलीतला दिवा लावायच्या आधी बाहेर एक चादर पसरा, वीस मिनिटं उताणे पडून राहा, आणि वृश्चिकाच्या नांगीपासून डावीकडे धनूकडे नजर न्या. तिथे जो पांढरट ढग वाटतो तो ढग नाही.